नळी पुढे सरकणारं पिस्तूल

त्या तळघरातलं टेबल आठवलं की अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो.

ऐंशीच्या दशकात शिकागोच्या एका उपनगरात मी गस्तीवरची नवी पोलीस अधिकारी होते. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकून इथे आलेली, कमी बोलणारी. घरी आम्ही काय बोलतो, काय पाळतो, हे ठाण्यात कुणालाच सांगत नसे.

ऑक्टोबरात एका बाईंचा फोन आला. शेजाऱ्याच्या तळघरात बंदुका मांडल्या आहेत, त्यांवर लाल डाग आहेत आणि समोर एक माणूस डोळे मिटून उभा आहे. सार्जंट आणि मी गेलो. दार पन्नाशीच्या एका मराठी इंजिनिअरनी उघडलं. त्यांनी बंदुकांचा परवाना दाखवला, तळघरही पाहू दिलं.

"हे लाल काय आहे?" सार्जंटने विचारलं.

"पावडर. गंज लागू नये म्हणून."

ते कुंकू होतं. बाजूला पिवळी शेवंती होती. त्या दिवशी खंडेनवमी, शस्त्रपूजेचा दिवस. मला सगळं कळलं आणि मी गप्प राहिले.

सार्जंटने एक पिस्तूल उचललं. ऑगस्टमध्ये आमच्या हद्दीतल्या एका घरफोडीत असंच जुनं, चमत्कारिक पिस्तूल गेलं होतं. याच्यावरचा नंबर झिजलेला. त्यात गंजाची थाप सार्जंटलाही पटली नव्हती. पिस्तूल जप्त केलं आणि इंजिनिअरना ठाण्यात आणलं. त्यांची नागरिकत्वाची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. चोरीचा माल बाळगल्याचा आरोप लागला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं.

जबाब लिहून घ्यायला मी बसले.

"पावती?" सार्जंटने विचारलं.

"गन शोमध्ये, बंदुकांच्या बाजाराच्या शेवटच्या तासात घेतलं. तेव्हा लोक उरलेला माल मिळेल त्या किमतीला देतात. पावती कोण देणार?"

"असलं भंगार घेण्यात काय ठेवलंय?"

"चांगल्या बंदुका मला परवडत नाहीत. ज्या खपल्याच नाहीत, ज्यांचे कारखाने बुडाले, त्या परवडतात. दाखवू?"

पिस्तूल रिकामं असल्याची सार्जंटने दोनदा खात्री केली, मग त्यांच्या हातात दिलं. "इतर पिस्तुलांत वरचा भाग मागे जातो," ते म्हणाले, "यात नळीच पुढे जाते." त्यांनी नळी ओढली. ती लोण्यातून गेल्यासारखी पुढे सरकली आणि सोडताच खट्कन जागेवर आली. वीस वर्षं नोकरी झालेला सार्जंट खाली वाकून बघत राहिला.

"असं कुणाला सुचलं असेल?"

"कुणाला तरी सुचलं. हाताला झटका फार बसतो, म्हणून लोकांनी घेतलं नाही. एवढंच."

मी जबाब लिहायचं विसरले होते. सगळ्यांहून उलटा विचार करून एखाद्याने तो लोखंडात उतरवावा, जगाने तो नाकारावा आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यापुढे हात जोडावेत!

सार्जंट फोन घ्यायला बाहेर गेला. मी मराठीत विचारलं, "काका, गेल्या खंडेनवमीलाही पूजा केली होती?"

ते दचकले नाहीत. "तुझ्या नावाच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं होतं मी. म्हटलं, ड्यूटीवर आहेस, उगाच ऑकवर्ड नको."

"पण गंजाचं कशाला सांगितलंत?"

"कुंकू म्हटलं असतं तर वेडा समजले असते गं."

"आता चोर समजतायत. पूजेचे फोटो काढता?"

"दर वर्षी. आईला पाठवतो."

तासाभरात त्यांच्या पत्नी अल्बम घेऊन आल्या. गेल्या वर्षीच्या फोटोत तेच पिस्तूल होतं, मुठीचा टवका उडालेला, वर कुंकू. फोटोच्या मागच्या बाजूला तो धुणाऱ्या दुकानाचा महिना आणि वर्षाचा शिक्का. घरफोडीच्या दहा महिने आधीचा.

मग खंडेनवमी म्हणजे काय, हे मला सार्जंटला सांगावं लागलं. "आमच्याकडे" हा शब्द मी त्या ठाण्यात प्रथमच उच्चारला. त्याने शांतपणे ऐकलं आणि पिस्तूल परत करण्याच्या कागदावर सही केली.

"तुला हे तळघरातच माहीत होतं?"

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कागद फाइलमध्ये ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढे सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी खोटं बोलताना सापडलं, की तो माणूस गुन्हा लपवतोय की जिवापाड जपलेलं काही, हे मी आधी तपासू लागले. आणि त्याच्याही आधी, मी स्वतः काय लपवतेय ते. त्या दिवशी संकोचाने सत्य दडवणारे आम्ही दोघं होतो. चौकशी मात्र एकाचीच झाली.