बांगड्या काढून हळद निवडताना

वसमतजवळच्या हळदीच्या कारखान्यात मी आणि माझी थोरली जाऊ एकाच टेबलावर हळकुंडं निवडायचो. शेठनं परदेशात माल पाठवायला सुरुवात केली, तेव्हा तिकडच्या कंपनीची एक बाई तपासणीला आली. ती टेबलाशी थांबली, तिनं आमच्या हातांकडे बघितलं आणि सोबतच्या माणसाला काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "बांगड्या, टिकली, मंगळसूत्र घालून आत यायचं न्हाई. मालात काचंचा तुकडा निघाला तर अख्खा कंटेनर वापस येतो."

"काहून काढायच्या?" जाऊ म्हणाली. "माझा नवरा जिता हाय."

आम्ही दोघींनी कोपरापर्यंतच्या कापडी बाह्या शिवल्या, मनगटाशी इलॅस्टिक घातलं. शेठनं त्या बाह्यांचा फोटो कंपनीला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं : चालणार नाही, काच आतही फुटते.

जाऊ आणि आणखी सहाजणी काम सोडून कापूस वेचायला गेल्या. मी साबण लावून बांगड्या काढल्या. सासरे वारले त्या दिवशी सासूचे हात असेच रिकामे झाले होते, तेच सारखं आठवत राहिलं. संध्याकाळी घरी आले की आधी बांगड्या चढवायची, मग पाणी प्यायची.

माल तर वेळेवर जायला हवा होता. शेठनं बिहारहून माणसं आणली. कापूस संपल्यावर जाऊ परत आली, बांगड्या काढून, रिकाम्या हातांनी.

"आता घ्या, शेठ."

"आता जागा न्हाई, बाई."

ती गेल्यावर शेजारच्या बिहारी माणसानं मला विचारलं, "भाभी, इनकी जगह पे मैं बैठा हूँ क्या?"

"तुमने नहीं ली," मी म्हणाले. त्यानं मान खाली घातली. मग पुढचं हळकुंड उचललं.

जाऊला पुढं बाजारातल्या मसाल्याच्या गिरणीत काम मिळालं. तिथला माल इथल्याच दुकानांत जातो, हातात काय आहे ते कुणी बघत नाही. मजुरी मात्र कमी. बरेच दिवस ती माझ्याशी तुटक वागली. मग घरचा हरभरा काढायला मी दोन दिवस सुट्टी घेतली. दुपारी आम्ही दोघी बांधावर बसल्यावर तिनं तिची भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "तो बिहारवाला गडी, त्याला लेकरं हायत का?"

"दोन पोरी हायत," मी म्हणाले.