तंबूतला इंग्रजी सिनेमा आणि मागच्या खोलीतले मास्तर

मी पाहिलेल्या सिनेमांची यादी ठेवते. तिच्यात एक बिननावाचा आहे. अल्लीपूरला बाजाराच्या मैदानावर तंबूत तो लागला तेव्हा त्याची सुरुवातच तुटलेली होती, आणि नंतर तो कुठे लागल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ठरलेल्या हिंदी सिनेमाच्या पेट्या आल्याच नव्हत्या. आल्या त्या या घोडे-बंदुकांच्या इंग्रजी सिनेमाच्या.

आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. इंग्रजी सिनेमा आला की पडद्याशेजारी भोंगा घेऊन कुणीतरी गोष्ट सांगायचं. त्या दिवशी सांगणारा तापाने पडला, म्हणून तंबूवाल्याने मी शिकवत होते त्या शाळेतल्या नव्या मास्तरांना उभं केलं.

मास्तर गिरडकडचे, एवढंच ठाऊक होतं. आम्ही दोघं एकाच घरमालकाचे भाडेकरू. मी पुढच्या खोलीत, ते मागच्या. घरमालक काकांना त्यांचा भरवसा नव्हता. खोली देताना जात विचारली, तर मास्तरांनी ‘शेतकरी’ एवढंच सांगितलं होतं.

“बाई, याचे पाहुणे काऊन येत नाई? मानूस काईतरी लपवून राह्यला,” काका मला ऐकवत. “खात्री झाली का खोली खाली.”

शंका मलाही होती. मास्तर सुटीत गावी जात, पण घरच्यांबद्दल एक शब्द काढत नसत.

सिनेमातला डाकू गोऱ्या बापाचा आणि डोंगरातल्या आदिवासी आईचा. लूटमार सोडून तो गावात गोरा म्हणून राहू पाहतो. मास्तर छान सांगत होते. मग डाकू गावातल्या बड्या लोकांबरोबर जेवायला बसतो आणि म्हातारी आई दारात येऊन हाक मारते. तो मान वळवत नाही. ती बोलत होती तिच्या भाषेत, इंग्रजीत नाही. भोंगा गप्प झाला.

“मास्तर, बोला ना! बुढी काय म्हनून राह्यली?”

“गुरुजीले डुलकी लागली वाट्टे!”

भोंग्यातून आवाज आला तो गोंडीत. पडद्यावरच्या म्हातारीचं बोलणं संपलं तरी मास्तर थांबले नाहीत. मागे बसलेल्या मजूर बायांपैकी एकीने त्याच भाषेत उत्तर दिलं आणि बाकीच्या हसल्या. माझ्या पुढे बसलेले काका मागे वळले. “पाहा बाई, सापडला.”

मास्तरांची जीभ घसरली, असं गाव म्हणालं. मला ते पटलं नाही. घसरलेली जीभ माणूस लगेच आवरतो.

पुढच्या बाजाराला मास्तरांची आई आली, डोक्यावर मोहफुलांची टोपली घेऊन, सरळ पुढच्या दाराने. काका ओट्यावरच होते.

“मास्तर, खोली मले पाह्यजे आता. कापूस ठेवाले.”

“काका, कापूस निघायला किती अवकाश आहे अजून!” मी म्हटलं.

“तुमी मधात नोका बोलू, बाई.”

मास्तरांनी आईला गोंडीत सांगितलं. ती काकांकडे पाहत बराच वेळ बोलली.

“काय म्हन्ते?” काकांनी विचारलं.

“सामान बांध म्हणते.”

“एवढं लंबं बोलली, अन् एवढंच? मले काई म्हनली का?”

मास्तर आत जाऊन वळकटी गुंडाळू लागले. काका दारापर्यंत मागे गेले, मग माझ्याकडे वळले. “बाई, तुमाले तरी काई समजलं काय?”

मी आत जाऊन वळकटीचं दुसरं टोक धरलं.