बाल्कनीतलं पातेलं

चीफ स्वयंपाकाला लागले की आधी त्यांच्या बाल्कनीचं दार वाजायचं. कारण त्यांचं पातेलं बाल्कनीत असायचं, तुळशीपासून चांगलं लांब, पालथं घातलेलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्याला स्वयंपाकघरात कायमची जागा दिलीच नव्हती. त्या पातेल्यात चीफ मासळी आणि दूध एकत्र शिजवत.

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ कुक. उभी हयात मालवाहू बोटींवर गेली आणि निवृत्त झाल्यावर ते मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहू लागले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन त्या मजल्यावर आले होते. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव ठसठशीत होतं, पण वॉचमनपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणायचे. "आडनाव बापाने दिलं, चीफ मी स्वतः झालो," असं ते ऐटीत सांगत. माणूस ऐटबाजच होता. घरात भाजी चिरायची तरी पांढरा एप्रन बांधून.

त्यांचा हुकमाचा पदार्थ एकच, चावडर. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बटाटा, कांदा, लोणी, थोडा मैदा आणि भरपूर दूध-साय घालून केलेलं दाट पांढरं सूप. अमेरिकेच्या कुठल्याशा थंडगार बंदरात त्यांनी ते पहिल्यांदा चाखलं आणि पुढे बोटीवर असं काही केलं, की तिकडच्याच एका कप्तानाने त्यांना जेवणघरात बोलावून सगळ्यांसमोर हात मिळवला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की त्या कप्तानाचा हात मलाही ओळखीचा वाटायचा. पण गोष्ट संपली की चीफ स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणायचे, "साऱ्या जगाला खाऊ घातलं. हिने मात्र एक चमचा तोंडात घेतला नाही."

काकूंचं तरी काय चुकलं? त्या रत्नागिरीकडच्या, मी रायगडातली. मासळीवर दूध पिऊ नये, अंगावर कोड उठतं, हे आम्हाला मऊ भाताबरोबरच भरवलेलं असतं. चीफनी पहिल्यांदा वाटी आणून दिली तेव्हा मी भिडेखातर संपवली आणि पुढचे काही दिवस आरशासमोर कोपरं तपासत होते. डाग उठला नाही, चव मात्र जिभेवर बसली. तेव्हापासून चीफ मला आपल्या पक्षातली समजू लागले. काकूंनी माझ्याकडे फक्त एकदा, लेक हातची गेल्यासारखं पाहिलं.

तिसऱ्या उत्तनची एक कोळीण मावशी टोपलीतून गेटपर्यंत आणायची. "आज वाळू न्हाय बघ, चीफ," ती दर वेळी सांगायची, आणि चीफ दर वेळी तिसऱ्या मिठाच्या पाण्यात घालून सकाळभर ठेवायचे. मग जरा पाणी घालून, झाकण ठेवून वाफेवर उघडायचे, आणि खाली सुटलेलं खारं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे. हे काकूंना मुळीच पसंत नव्हतं. त्या विळीवर एकेक तिसरी सटासट उघडत. "शिंपलीला कापावं अहो, असं उकडून फसवू नये," त्या दारातून म्हणत. त्यांच्या हातच्या तिसऱ्यांच्या सुक्यापुढे, खरं सांगायचं तर, ते कप्तानाचं सूप पाणी भरेल. पण हे मी दोघांपैकी कोणालाही बोलले नाही. समोरासमोर दारं असली की काही गोष्टी पोटातच ठेवाव्या लागतात.

दूध घातल्यावर चीफ पातेल्यापासून हलत नसत. उकळी आली की दूध फाटतं. दाराची बेल वाजली तरी ते ढवळत राहायचे. "सुपाला घाई कळते," असं त्यांचं म्हणणं. आणि साय? ती काकू तुपासाठी साठवत, आणि तिला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पण तिसऱ्यांची टोपली गेटवर आली, की त्या दिवशीची साय एका छोट्या वाटीत वेगळी काढलेली असायची, ओट्यावर, चीफच्या हाताशी.

तडजोड काकूंनीच सुचवली होती. माझ्यासमोरच. "अहो, नारळाचं दूध घाला ना. मी दोन वाट्या खाईन. नारळ मी खवून देते." केवढं सोपं होतं. कोकणातल्या माणसाला नारळाचं दूध काय परकं? पण चीफ हट्टाला पेटले. "मग ते तिसऱ्यांचं सार झालं. त्याला चावडर म्हणत नाहीत." "नाही म्हटलं तर नाही म्हटलं. खायचं की नाव घ्यायचं?" काकू म्हणाल्या. चीफनी पातेलं उचलून गॅसवर ठेवलं आणि दूध ओतलं. पुढेही हा विषय निघाला की दोघं हसण्यावारी न्यायचे. आम्हीही हसायचो. त्या दोघांना एकमेकांशी भांडायला उरलेलं आयुष्य पडलंय, असंच सगळ्यांना वाटायचं.

मग काकूंना कावीळ झाली. साधी म्हणता म्हणता मुरली. मासळी बंद, तेल बंद, उसाचा रस आणि पेज. मी भेटायला गेले होते त्या दुपारी चीफ त्यांना चमच्याने पेज भरवत होते, एप्रन बांधून. काकू म्हणाल्या, "बरी झाले की करा तुमचं ते. नारळाच्या दुधातलं." चीफनी त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आधी बरी हो, मग बघू." गंमतीतच म्हणाले. काकूही हसल्या. श्रावणाच्या आधी त्या गेल्या.

तिसऱ्या पुन्हा येऊ लागल्या तेव्हा एका सकाळी बाल्कनीचं दार वाजलं. दुपारी चीफ वाटी घेऊन दारात उभे. एप्रन नव्हता. नारळाचा वास मला वाटी हातात घेण्याआधीच आला. ते म्हणाले, "खा. इथेच, माझ्यासमोर."

मी उंबऱ्यातच खाल्लं. मिऱ्याचा हलका झटका, त्यामागे नारळाची गोडी, आणि तिसऱ्यांचं खारं पाणी दोन्हींत मुरलेलं. काकूंनी दोन वाट्या नक्की खाल्ल्या असत्या. "चांगलं झालंय, काका," मी म्हणाले.

"हो ना," ते म्हणाले. "मी पण चाखून बघितलं. वाईट झालं असतं तर बरं झालं असतं गं." आणि रिकामी वाटी माझ्या हातून घेऊन ते आत गेले.

वर्षभरात त्यांनी फ्लॅट विकला आणि गावी पुतण्याकडे राहायला गेले. टेम्पोत सामान चढलं, पण पातेलं घेऊन ते माझ्या दाराशी आले. मी ते घेऊन स्वयंपाकघरात, माझ्या बाकीच्या भांड्यांमध्ये ठेवलं. चीफ ते बघत थोडा वेळ उभे राहिले.

"यात दूध घाल नाहीतर नारळाचं घाल," जिन्याकडे वळताना ते म्हणाले, "पण गॅस पेटवायच्या आधी घरच्या माणसाला विचार, तुला कसं हवंय म्हणून."