भिंग आणि जाहीर आभार

सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात भिंग बसवायचं ठरलं, तेव्हा वाशीत आमच्या ओळखीत कोणी असलं काही करून घेतलेलं नव्हतं. मोतीबिंदू काढायचा आणि सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावायचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जवळच्या सेक्टरमध्ये नवा दवाखाना निघाला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, "आता भिंग डोळ्यातच बसतं. आजी सुईत दोरा ओवतील." सुईदोऱ्याशी सासूबाईंचा कधी संबंध आला नव्हता, पण वाक्य त्यांना आवडलं.

ऑपरेशन बुधवारी झालं. शुक्रवारी पट्टी सोडली. शनिवारी वाशीतल्या एका साप्ताहिकात आमचे जाहीर आभार छापून आले. आमच्याकडे ती पद्धतच होती. सासरे गेले तेव्हा स्मशानात आलेल्यांचे आभार छापले, दिराला नोकरी लागली तेव्हा साहेबांचे. मजकूर नेहमी मीच लिहायची. ऑफिसात टायपिस्ट असल्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. 'आमच्या मातोश्रींची नजर पूर्वीसारखी स्वच्छ झाली असून' वगैरे मी ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच देऊन मोकळी झाले, कारण साप्ताहिकाचं काम बुधवारी बंद व्हायचं.

नजर स्वच्छ झालीच नाही. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, मग डोळा लाल, मग पाणी आणि ठणका. डॉक्टर थेंब बदलत राहिले. तीन महिन्यांनी आम्ही सासूबाईंना मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं, भिंग जागेवरून सरकलंय आणि बुबुळाच्या काचेला घासतंय. ते काढावं लागलं. काढलेलं भिंग मी बाटलीत घालून मागून घेतलं. डोळ्यासमोर शेवटी पांढरं धुकं तेवढं राहिलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वकील राहायचे. त्यांच्यासमोर कागद ठेवले.

"दिवाणी दावा लावला तर आजींच्या नातवाला निकाल ऐकावा लागेल," ते म्हणाले. "मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरला समज मिळेल, तुम्हाला काही नाही. ठाण्याला नवा ग्राहक मंच निघालाय. फी नाही, काम लवकर होतं. पण डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात की नाही, यावरच भांडण आहे. समोरचे आधी तेच काढतील."

"आणि पोलीस?"

"तो नाद नको, वहिनी. त्याला पुरावा फार पक्का लागतो. आधी नोटीस देऊ, काय म्हणतात बघू."

नोटिशीला उत्तर आलं. त्यात एक ओळ होती: रुग्णाने पथ्य न पाळता डोळा चोळला. मी ती वाचून दाखवली आणि सासूबाई ताठ बसल्या.

"मी? मी पथ्य मोडलं?"

चाळीस दिवस त्या खाली वाकल्या नव्हत्या. डोक्यावरून पाणी घेतलं नाही. त्यांच्या पायात चपलासुद्धा मी घालायची, आणि त्याबद्दल रोज कुरकुरायची.

"चाळीस दिवस चपला तू घातल्यास ना मला? सांग त्यांना."

"सांगते."

"असं नाही. शपथेवर सांग."

भरपाईचं नावही त्यांनी काढलं नाही. डोळा गेला हे त्यांनी मान्य केलं होतं. तो आपल्या हलगर्जीपणाने गेला, हे मात्र त्या ऐकून घेणार नव्हत्या. ठाण्याच्या मंचात तक्रार त्यांच्या सहीची झाली, पथ्याचं प्रतिज्ञापत्र माझं. वकील म्हणाले, आजींना उन्हातान्हात ठाण्याला कशाला न्यायचं, सूनबाई पुरे.

सुनावणीच्या दिवशी डॉक्टरांच्या वकिलांनी साप्ताहिकाचं कात्रण काढून मोठ्याने वाचलं. मंचाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"त्यांना नीट दिसतंय, हे तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही. आमच्यात छापतात तसं."

मागे कोणीतरी हसलं.

"मजकूर केव्हा दिलात?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "बुधवारी. सकाळी."

"म्हणजे ऑपरेशनच्या आधी?"

"हो."

मला वाटलं, आता हे कात्रण निकालात निघालं. समोरचे वकील शांतपणे उठले. म्हणाले, "साहेब, बरोबर आहे. या बाई न पाहता लिहून देतात. आता चपलांचं प्रतिज्ञापत्रही त्यांचंच आहे."

निकाल आला तो दोन पानांचा. डॉक्टर या कायद्यात येतात की नाही, हा प्रश्न मंचाने बाजूला ठेवला होता. भिंग चुकीचं बसवलं असं एकाही डॉक्टरने लेखी दिलेलं नव्हतं. सरकारी इस्पितळाने फक्त 'भिंग काढले' एवढं लिहिलं होतं आणि बाटलीकडे कोणी पाहिलं नाही. पथ्याबद्दल कोणत्याच बाजूचा विश्वासार्ह पुरावा नसल्याने त्यावर मत देण्याची गरज नाही, तक्रार फेटाळली.

संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवलं. डावा डोळा मिटून त्या ऐकत होत्या.

"म्हणजे मी पथ्य मोडलं की नाही?"

"ते त्यांनी ठरवलंच नाही."

"का?"

"माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून."

मला वाटलं, आता कात्रणावरून बोलतील.

"पुढे काय असतं?"

"अपील. तीस दिवसांत, मुंबईला. वकील म्हणतात फार आशा नाही. नवा पुरावा ते सहसा घेत नाहीत."

"मी कुठे नवी आहे?" त्या म्हणाल्या. "आभार तू लिहिलेस, प्रतिज्ञापत्र तू लिहिलंस. मला कोणी काही विचारलंच नाही. उद्या वकिलांना वर बोलव. मी सांगते, त्यांनी लिहायचं."

"मी लिहून ठेवू का मुद्दे? म्हणजे त्यांना—"

"तू नको."

मी खाली जाऊन वकिलांना निरोप दिला.