सोचिकाल्कोच्या गुहेतला सूर्य

दुबईहून सुट्टीवर निघालेली माणसं विमानतळावर काय बोलतात हे मला पाठ आहे: सामान किती किलो भरलं आणि मुंबईला घ्यायला कोण येणार. त्या जुलैत मात्र करामा भागातल्या आमच्या घरून टॅक्सी निघाली ती मेक्सिकोसाठी. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की तिथे सोचिकाल्को नावाच्या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या देवस्थानात एक गुहा आहे. तिच्या छताला भोक आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा उजेडाचा खांब सरळ जमिनीवर उतरतो. मेमधला दिवस हुकला होता, म्हणून जुलैअखेरचा गाठायचाच, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचा ऐंशीवा वाढदिवस होता. नाना भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पुण्यात एकटे राहतात. मला वर्षातून एकदाच सुट्टी, तीही माझ्या मुलीची, केतकीची, शाळा बंद असते तेव्हा. मी चडफडत फोन केला तर नाना म्हणाले, "जा तू. नीट बघ आणि मला येऊन सांग." म्हणजे वैतागून डोळे मिटून बसायचीही सोय राहिली नाही.

मेक्सिको सिटीत आम्ही पोहोचलो, सुधीरची बॅग पोहोचली नाही. काउंटरवरची बाई दर वेळी गोड हसून 'मान्याना' (उद्या) म्हणायची. त्या बॅगेत मेतकूट, चकल्या, उपम्याची पाकिटं आणि व्हिडिओ कॅमेऱ्याचा चार्जर होता. आता सगळी मदार 'तोर्तियां'वर (मक्याच्या पातळ भाकऱ्या). भाकरी उत्तम, पण सोबतच्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते हे दुसऱ्या घासाला कळलं. शेवटी खानावळीच्या मालकिणीने 'नोपालेस' भाजून दिले. तो चक्क निवडुंग निघाला, काटे काढलेला. केतकी म्हणाली, "मम्मा, इट्स ॲक्च्युअली नाइस." मी दोन ताटल्या खाल्ल्या. मला आवडलं हे मात्र सुधीरला सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी बसने कुएर्नावाका शहर आणि तिथून टॅक्सीने सोचिकाल्को. पावसाने हिरवीगार झालेली टेकडी, तिला कापून केलेले रुंद टप्पे, आणि वर एक दगडी चौथरा. चौथऱ्यावर पिसं असलेले प्रचंड नाग कोरले आहेत, आणि त्यांच्या वेटोळ्यांत माणसं आपल्यासारखी मांडी घालून बसली आहेत. मला तिथेच थांबायचं होतं. पण सुधीरचं "यल्ला, यल्ला, बारा वाजतील" सुरू झालं. दुबईत राहून एवढंच अरबी तो शिकला आहे.

बाराच्या ठोक्याला आम्ही गुहेत होतो. ओल, काळोख, घामेजलेली माणसं, आणि भोकाच्या कडेला नुसती एक उजळ रेघ. रखवालदाराने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की सूर्य डोक्यावर येतो पावणेदोनला. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात, हे नाना वर्गात घोकून घ्यायचे. आदल्या रात्री मी सुधीरला ते सांगितलंही होतं. "अगं, मध्यान्ह म्हणजे बारा" असं म्हणून त्याने मला उडवून लावलं होतं. आता पुन्हा रांग, पुन्हा उन्हात उभं राहणं, आणि टेकडीमागून ढग वर येताहेत. नानांना मी काय सांगणार होते?

दुसऱ्या खेपेला आत शिरलो आणि सूर्य ढगाआड गेला. कोणीतरी चुकचुकलं. मग ढग सरकला आणि उजेड उतरला, सहा कोनांचा, कडा सुरीने कापल्यासारख्या. मी त्यात हात धरला. बोटं लालबुंद दिसू लागली, जणू आतून पेटलेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी कोणावर चिडलेली नव्हते. शेजारी सुधीर चार्जिंग संपलेल्या कॅमेऱ्याशी झटापट करत होता. त्याला काही दिसलं की नाही, देव जाणे.

बाहेर आल्यावर मी रखवालदाराला विचारलं, हे फक्त आजच का? नाही, तो म्हणाला, ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोज दिसतं, आज जरा जास्त सरळ, इतकंच. मी सुधीरकडे बघितलं. तो एकदम स्पॅनिश पाटी वाचण्यात गढून गेला. म्हणजे नानांचा वाढदिवस करून आरामात येता आलं असतं!

उरलेल्या सुट्टीत पुण्यात पोहोचल्या पोहोचल्या नानांनी मला समोर बसवलं. कडा कशा होत्या, उजेड किती वेळ टिकला, हात कसा दिसला, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, "पुण्यातसुद्धा सूर्य साधारण त्याच दिवशी डोक्यावर येतो. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर."

मी थक्क झाले. विचारलं, "मग तुम्ही बघितलंत?"

"जुलैत कुठलं दिसायला, आभाळ भरलेलं असतं. मेमध्ये दिसतं. दर वर्षी काठी घेऊन गच्चीवर उभा राहतो. सावली पार पायाखाली जाते. पण मेमध्ये तू नसतेस."

तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र रडू आवरेना. लग्न होऊन दुबईला गेल्यापासून एकाही मे महिन्यात मी त्या घरात नव्हते, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

दुबईला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी ऑफिसात पुढच्या मेसाठी रजा मागायला निघाले. केतकीच्या शाळेचं काय, असं सुधीरने विचारलं. तिला तू सांभाळ, मी म्हटलं. आमच्या ऑफिसातले जॉर्डनचे मॅनेजर भले गृहस्थ आहेत. त्यांनी छान हसून नेहमीसारखं "इन्शाल्ला" म्हटलं. शब्दाचा अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. ऑफिसात त्याचा अर्थ बहुधा 'विसरा'. इतकी वर्षं मी त्यावर थँक्यू म्हणून जागेवर जाऊन बसत आले होते. या वेळी उभीच राहिले.

"इन्शाल्ला नको, सर. माझे वडील ऐंशी वर्षांचे आहेत. हो किंवा नाही सांगा."