कमान नको, संडास उघडा

अन्याय झाला तो सोमवारच्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांवर. कधी झाला तेही सांगते: माझ्या वडिलांच्या तेराव्याला, सकाळी साडेनऊ वाजता. मी घरात पाहुण्यांना पाणी देत होते. बाजारतळाकडून वेल्डिंगचा आवाज आला, मला वाटलं मांडवाचं काम चाललंय. तिथं बायकांच्या संडासाला बाहेरून कडी बसवत होते, कुलूप घालायला.

तो संडास आप्पांनी बांधलेला. आप्पा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या मार्केटातून हळद, बेदाणा भरायचा आणि देशभर ट्रक न्यायचा, हे त्यांचं काम. जम्मू झालं, गुवाहाटी झाली, कन्याकुमारी तर शेजारचं शिराळा असल्यासारखी सांगायचे. लोक फिरून आले की देवळं सांगतात. आप्पा सांगायचे, अमक्या ढाब्यामागं नळ आहे, तमक्या पंपावर बायकांच्या दाराला आतून कडी नाही. आम्हा भावंडांना हसू यायचं.

हे वेड लागलं आईमुळं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी तिला एकदा ट्रकातून इंदूरला नेलं. नवी साडी, डब्यात दशम्या, सगळा थाट. आई दोन दिवस पाणीच पिईना. आप्पांना वाटलं, गाडी लागली. परतताना ती तापानं फणफणली तेव्हा म्हणाली, "आवं, तुमी कुठंबी गाडी थांबवून उतरता. मी कुठं जाऊ?" हे मला सांगताना आप्पा म्हणाले होते, "पोरी, एवढी वर्षं गाडी मारली आणि एवढं साधं कळलं न्हाई. गाढव हाय तुझा बाप." मी नाही म्हटलं नाही.

गाडी सोडल्यावर ते या कामाला लागले. ग्रामपंचायतीच्या मागं लागून बाजारतळावर जागा मिळवली. विटा भट्टीवाल्या मित्रानं दिल्या, पत्रे भावकीनं. दार रस्त्याकडं न काढता मागच्या भिंतीकडं काढलं, कारण टपरीवरून दिसणाऱ्या दारात बाई शिरत नाही, हे त्यांनी अख्ख्या देशात बघितलं होतं. आत पिशवीला खुंटी, पाटी ठेवायला कट्टा, दणकट कडी. गवंडी म्हणाला, "आप्पा, बाहेरनं कडी लावायची इसरली."

"इसरलो न्हाई. बाहेरनं कडी असली की कोण ना कोण कुलूप घालतंयच."

दर सोमवारी पहाटे बादली, खराटा घेऊन स्वतः धुवायचे. पारावरून हाळी यायची, "काय गड्या, आज कुठली ट्रिप? दिल्ली का?"

"तुझी आई मेथी घेऊन बसती न्हवं बाजारात? तिच्यासाठी धुतोय रं. हस तू."

मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते, हक्कांची पत्रकं वाटत होते. मैत्रिणी विचारायच्या, वडील काय करतात? मी म्हणायचे, ट्रान्सपोर्टमध्ये होते. खराट्याचं कधी सांगितलं नाही. श्रमप्रतिष्ठेवरचं पत्रक मात्र मीच लिहिलं होतं. दुसऱ्यांवर बोट ठेवण्याआधी हे लिहून टाकते.

आप्पा साताऱ्याच्या दवाखान्यात गेले. छातीत कळ आली, दोन दिवस काढले, संपलं. गावानं बाजार बंद ठेवला, तेराव्याला बाजारतळावर सभा ठेवली. बाहेरून पुढारी येणार होते. संडास नेमका स्टेजच्या मागं. तिकडं कुणी जाऊ नये म्हणून दाराला कुलूप घातलं आणि समोरच्या भिंतीवर फ्लेक्स ताणला. फ्लेक्सवर आप्पाच, हात जोडून.

भाषणं झाली. देश फिरलेला माणूस, कुटुंबवत्सल, समाजाची कळकळ असलेला. संडास हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. 'स्वच्छतेचे कार्य' म्हणाले. मग स्मारकाचा विषय निघाला, तशी बायकांतून आत्या उठली. "त्या संडासालाच नाव द्या की माझ्या भावाचं."

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आवं आत्याबाई, मुतारीवर कुणी माणसाचं नाव टाकतंय व्हय? गेलेल्याची काय अब्रू हाय का न्हाई?"

ठरलं ते असं: बाजारतळाच्या तोंडाला आप्पांच्या नावाची कमान. कमानीच्या जागेत संडास येतो, म्हणून तो पाडायचा. तोवर कुलूप राहू दे.

पुढच्या सोमवारी एक भाजीवाली आमच्या दारात आली. "आप्पांनी किल्ली कुठं ठिवलीया?" कुलूप आप्पांनीच घातलं असेल, असं तिला वाटलं होतं. आईनं तिला आत घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरचा संडास बाजाराचा झाला. पण लोकाच्या घरात किती वेळा शिरायचं, म्हणून निम्म्या येत नाहीत. त्या उसात जातात.

मग मी आणि आई सरपंचांच्या घरी गेलो. सरपंच बाई आहेत. बोलतात त्यांचे मालक.

"वहिनी, आप्पांचं नाव कायमचं करतोय आमी," मालक म्हणाले.

"नाव ऱ्हाऊ दे भावजी. कुलूप काढा."

"आता ठराव झालाय."

मी म्हटलं, "ठरावावर सही सरपंचांची आहे. त्यांना बोलू द्या."

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "लग्नाआधी मीबी आईसंगं बाजारात बसायची."

"चहा टाक," मालक म्हणाले.

त्या आत गेल्या. चहा आला, तो मालकांनीच आणून दिला. त्या परत बाहेर आल्या नाहीत. मालक म्हणाले, ग्रामसभेत बघू. निघताना आई त्यांना म्हणाली, "तुमच्या मालकिणीला घेऊन या तेवढं."

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. तोवर बाजारतळामागचा ऊस तुटलेला असेल. मग तेवढाही आडोसा राहणार नाही.

तुम्ही आमच्या गावचे असाल तर ग्रामसभेला या. एकटे येऊ नका, घरातल्या बाईला घेऊन या, तिला पुढं बसवा आणि कमानीचा ठराव मंजुरीला आला की दोघंही विरोधात हात वर करा. आमच्या गावचे नसाल तर तुमच्या बाजारात जा आणि बायकांचा संडास कुठं आहे ते शोधा. पाटी वाचून परतू नका, दार ढकलून बघा. उघडलं नाही तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.