धरणीच्या चुलीवरचा भात

सन दोन हजार पंचवीस, माझं वय शहात्तर. भाताची झोडणी उरकून पेंढ्या रचत होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला. शालन म्हणाली, "आबा, मामंजी गेले…" आणि थांबली. रडली नाही, म्हणजे भोवती माणसं असणार. हातातली पेंढी मी नीट जागेवर ठेवली, पाय धुतले, टोपी घातली आणि मार्गासनीहून निघालो. कापूरहोळला गाडी बदलली. भोरवरून पुढं वरंध्याच्या रस्त्याला त्यांचं गाव. एसटीत शेजारच्यानं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, आमचे व्याही, धोंडिबा. तो म्हणाला, मग तुमचं येणंजाणं लई असंल. मी खिडकीतून बाहेर बघितलं. येणंजाणं होतं… जेवण नव्हतं.

ते का नव्हतं, ते सांगतो. शालनच्या लग्नात व्याहीभेटीची वेळ आली. नवरीच्या बापाला नवऱ्याच्या बापानं टोपी-टॉवेल द्यायचा आणि सगळ्यांदेखत उराउरी भेटायचं, हा मान. माझा धाकटा भाऊ त्या दिवशी फेटा बांधून, कोट घालून उभा होता. मी माझ्या रोजच्या टोपीत. वाजंत्री जोरात, मंडपात धूर. धोंडिबा आले आणि माझ्या भावाला कडकडून भेटले! त्याच्या फेट्यावरच टोपी बसवायला लागले. सगळा मांडव हसला. चूक कळल्यावर ते माझ्याकडं वळले, पण हसलेली माणसं काय परत गप्प होतात? मी तिथंच बोललो, "ह्या माणसाच्या चुलीवरचं मी खाणार न्हाई." माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मान एकदाच असतो.

सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाहीच. नातू झाला, बारसं झालं, मला ताट वाढलं, तेव्हा मी उठून ओसरीवर जाऊन बसलो आणि बांधून नेलेली भाकरी सोडली. तेव्हा कळलं सगळ्यांना. शालननं ते ताट तसंच उचलून आत नेलं. पुढं दर सणाला ती ताट वाढायची आणि उचलायची. पाणी मी प्यायचो, विहिरीचं असतं ते. चहा नाही, तो उकळतो. गॅस आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आता चूल कुठं राहिली, व्याही? घ्या की घोटभर." म्हटलं, जाळ तो जाळ. धोंडिबा त्यावरून कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मी गेलो की तेही ओसरीवर येऊन बसायचे, पाऊसपाणी, बैलं, भात, सगळं बोलायचे. जेवायची हाक आली की म्हणायचे, "तुमी जेवा रं आत, मला भूक न्हाई." मी निघाल्यावर जेवायचे, हे मला लई उशिरा कळलं.

मागच्या थंडीत दोघांचेही गुडघे धरले. शालन म्हणाली, घाटाखाली डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत, तिथं आता पार्क केलंय, राहायला तंबू देतात, दोघांना एकदमच नेते. जावयानं जीप काढली. मी माझ्या भाकरी बांधून घेतल्या. झऱ्याचं पाणी डोंगरातून येतं, वरच्या कुंडात बोट घालवत नाही, खाली टाक्यांत निवतं तिथं माणसं बसतात. आम्हीही बसलो, गळ्यापर्यंत, दोन म्हशींसारखे. तंबू आम्हा दोघांत एक. धोंडिबा आत शिरले, चेन वर-खाली करून बघितली आणि म्हणाले, "व्याही, ह्याला दार न्हाई, नाडी हाय. लेंग्यात झोपल्यावानी वाटतंय." मला हसू आलं, पण मी खोकलो.

सकाळी उठलो तर शेजारी माणूस नाही. बघतो तर वरच्या कुंडाच्या कठड्याशी बसलेत, हातात दोरी, दोरी पाण्यात.

"काय व्याही, मासं धरताय काय?"

"भात लावलाय."

त्यांनी उपरण्याच्या कोपऱ्यात भिजवलेले तांदूळ बांधून आत सोडले होते. शालन मागं ताटल्या घेऊन उभी, नजर खाली.

"तांदूळ माझ्या वावरातला," ते म्हणाले. "पाणी डोंगराचं. आता चूल हाय का कुठं? हिंडून बघा."

मी खरंच हिंडून बघितलं. लाकूड नाही, राख नाही.

"मग जाळ कुणी घातला?"

"धरणीनं. तिच्याशी तर तुमचं वाकडं न्हाई?"

शालननं तेव्हा वर बघितलं. मी खाली बसलो. भात वरून मऊ, आत कणी, आणि सगळ्याला गंधकाचा वास. पण आंबेमोहोर तो आंबेमोहोर. म्हटलं, "मीठ न्हाई."

"मीठ घरातलं झालं असतं. तुमचा शब्द मोडायचा न्हवता मला."

एवढी वर्षं हा माणूस माझा शब्द सांभाळून वाट शोधत होता, हे तिथं मला कळलं… मी आणखी भात मागून घेतला. त्यांनी विचारलं, "आता घरी कधी बसायचं पंगतीला?" मी म्हटलं, "बघू." ते हसले, "बघा की. मी काय कुठं चाललोय?"

आणि पावसाळा सरल्यावर गेले. दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी उठलेच नाहीत.

मातीच्या दिवशी त्या घरची चूल पेटली नव्हती. सोयऱ्यांनी आणलेली कडू भाकरी सगळ्यांनी खाल्ली, मीही खाल्ली. तेराव्याची पंगत अंगणात, भट्टीवर आचाऱ्यानं केलेली. तीही जेवलो. माझ्या शब्दाला दोन्हींकडून धक्का नव्हता. माणसं पांगली, मी मुक्काम केला. ओसरीवर माझ्या डोक्यावरच खुंटीला ते उपरणं होतं. धुतलेलं, पण एका कोपऱ्यावर झऱ्याचा पिवळा डाग तसाच. त्या ओसरीवर एकट्यानं बसायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालननं भाकरीपुरती राखलेली जुनी चूल पेटवली. मला कुणी हाक मारली नाही, कोण मारणार? मी तोंड धुतलं, उंबरा ओलांडला आणि चुलीपुढं त्यांच्या पाटावर बसलो. शब्द मोडला तो मी मोडला, कुणी मोडायला लावला नाही. शालनचा हात भाकरीवर थांबला. मग तिनं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "आबा, मीठ वाढू?"

"वाढ," म्हणालो आणि भाकरी मोडली.